गांगुर्डे मामांचा टेफ्लॉन बुश

टेफ्लॉन चिमटीत मोडलेलं कधी पाहिलंय का? मी पाहिलंय, आमच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये. मी तिथे माल तपासते आणि गांगुर्डे मामा लेथवर रोलरचे बुश, म्हणजे रोलरचा दांडा ज्यात फिरतो त्या टेफ्लॉनच्या छोट्या नळ्या, काढतात.

कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणं मारतात ना, तसल्या एका प्लांटच्या मॅडम आमचा बुश परत घेऊन आल्या. "मामा, हा खडूसारखा मोडला. माल हलका वापरला का?"

मामांचा चेहराच पडला. "ॲसिडात बुडवा, तव्यावर ठेवा, टेफ्लॉनला काय व्हत नाय. माझ्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलं नाय, मॅडम."

मग त्यांनी एकाच रॉडमधून दोन बुश काढले. एक स्वतःच्या कप्प्यात ठेवला, दुसरा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मॅडमना दिला. "हा नुसता किरणांच्या खोलीत टांगून ठेवा."

दोन महिन्यांनी मॅडम ती पिशवी घेऊन आल्या. मामांनी आतला बुश दाबला, तर त्याचा चुराच झाला. कप्प्यातला मात्र धडधाकट होता.

"चूक तुमची नव्हती, मामा," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "किरणांनी टेफ्लॉनच्या आतल्या रेणूंच्या लांब साखळ्याच तुटतात. मी आधी माहिती काढायला हवी होती."

मामांचं लक्षच नव्हतं. ते रिकामी पिशवी ताणून बघत होते. "मग हिला काय कसं झालं नाय?"

"ती पॉलिथीनची. तिच्यातल्या साखळ्या किरणांनी उलट एकमेकींना जोडल्या जातात."

"मग मॅडम," मामा लेथकडे वळत म्हणाले, "बुश जाड पॉलिथीनचाच काढू की!"

तो बुश अजून चालतोय.