पाचवी ओळ जुळेना

मंडळी, रशीदभाईंच्या घरचे आलेत, आपली सदाशिव पेठेतली रविवारची लिमरिकवाली मंडळी आलीत. मला बोलायला उभं केलंय खरं, पण भाषण कधी केलेलं नाही. सांभाळून घ्या.

मी सातवी शिकलेला माणूस. पहिल्या दिवशी विचारलं होतं, "अहो रशीदभाई, लिमरिक म्हणजे पोटाचं औषध का?"

चष्म्यावरून बघत म्हणाले, "औषधच. पोट दुखेपर्यंत घ्यायचं."

मग त्यांनीच शिकवलं. पाच ओळी. पहिली, दुसरी, पाचवी लांब, त्यांचं यमक एक. मधल्या दोन आखूड, त्यांचं यमक वेगळं. सुरुवातीला माणूस आणि त्याचं गाव, शेवटी टोला. पूर्वीचे लोक म्हणे पहिलीच ओळ फिरवून पाचवीला आणायचे. रशीदभाईंना ते खपायचं नाही. मी एकदा तसं केलं, तर म्हणाले, "नाना, फिरून तिथंच यायचं होतं, तर घरातून निघालात कशाला?" सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या रविवारी त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि खुर्चीतच मान टाकली. चहा यायच्या आत माणूस गेला हो!

काल त्यांची लेक शबाना म्हणाली, "नानाकाका, रडकं भाषण नको. अब्बांवर लिमरिकच म्हणा." पोरीला नाही कसं म्हणू? तेव्हापासून बसलोय. पण दुःख घेऊन बसावं, तर तिसऱ्या ओळीला लिमरिक टुणकन उडी मारतं. उड्या मारत रडायचं कसं, सांगा ना! गंभीर लिहिलं तर लिमरिक राहत नाही. लिमरिक झालं तर डोळ्यातलं पाणी त्यात मावत नाही. मी हात टेकले, मंडळी.

शबाना, जमलं तेवढं ऐक, बेटा.

वारज्याचे आमचे रशीदभाई,
यमकाची त्यांना भारी घाई;
चहा मागवला,
तो निवत बसला,
वारज्याचे आमचे रशीदभाई...

टोला सापडला नाही गं. कुठूनही निघालो तरी त्यांच्यापाशीच येतो.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत. आणि मध्येच कुणाला त्यांची एखादी ओळ आठवून हसू फुटलं, तर दाबू नका.