गणपतच्या वाट्याचा अर्थ

अहो, इंग्रजी मलाही आलं असतं, पण धुळ्याकडच्या आमच्या मास्तरांनी ते वर्गात वाटून टाकलं होतं! शाळा तपासायला डिपोटी साहेब येणार, आणि मास्तरांची नोकरी अजून कच्ची. 'गेट' या एका क्रियापदाचे इतके अर्थ, की ते आमच्या डोक्यात बसेनात. शेवटी मास्तरांनी एकेकाला एकेकच अर्थ पाठ करायला दिला. मला 'पोहोचणे', शेजारच्या लोटनला 'मिळवणे'. ओळीनं उठायचं, आपला अर्थ सांगून बसायचं.

त्या दिवशी मास्तर एका जागी ठरेनात. सारख्या खिडकी ते दार येरझाऱ्या. आम्हीही धास्तीनं आपापला अर्थ पुटपुटत होतो.

डिपोटी आले आणि त्यांनी एकट्या लोटनला उभं केलं.

"गेटचे अर्थ सांग."

"मिळवणे."

"आणखी?"

लोटननं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"सायेब, पुढला अर्थ मना नही, गणपतना शे," लोटन रडकुंडीला आला. "आन् गणपत कापूस येचाले जायेल शे."

"असं? मग तो येईपर्यंत बसतो," म्हणत डिपोटींनी खुर्ची ओढली.

आणि मास्तर पगडी टेबलावरच टाकून शेताकडे पळत सुटले.