ठमाबाईला सांगितलेलं नाटक

...नाही, पण मी म्हणतो, राजाला बसवायचं तर हजामाची खुर्ची कशापायी? मान टेकायची ती लाकडी खोबणसुद्धा काढली नव्हती हो. वर तांबडं फडकं टाकलं की झालं सिंहासन? आणि त्यात बसून पोपटराव असा गायला, असा गायला, की तुम्हाला सांगतो, मंडपातली माणसं पेटवलेली बिडी ओढायची विसरली. कानाला दिवाळी आणि डोळ्याला शिमगा, असलं नाटक दाखवलं ठाण्यात आम्हाला. तेही रविवारी भर दुपारी, कनातीतून उन्हं आत येतायत आणि वर दोरीला चंद्र लोंबतोय. चंद्र म्हणजे काय, पिठाची चाळण.

मला काय, मी कळव्याचा मिठागरातला माणूस, शाळा दुसरीत सोडली, पसंत नाही तर नाही, उठलो असतो आणि पूल ओलांडून घरी गेलो असतो. पण शेजारी बायको बसलेली ना. ठमाबाई.

तिचं असं आहे... जन्म गेला मिठाच्या राशींवर, उन्हात. हॉटेलात पोपटरावची तबकडी लागली की डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यात उभी राहायची, म्हणायची, "अवो, एकदा ह्याचं नाटक दाखवा." मी म्हणायचो, पुढल्या साली. कधी आगराचा बांध फुटलेला, कधी पोरीचं लगीन, पुढल्या साली, पुढल्या साली करता करता स्वराज्य आलं, त्यालाही पाच वर्षं झाली, आणि इकडे बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हाताला धरून नेली, तर तिला मंडपाचा खांब दिसेना. चूक कोणाची? माझीच. मग आता कोणत्या तोंडानं सांगू, की बये, बघण्यासारखं इथं काही नाही?

तर पडदा वर गेला. म्हणजे अर्धाच गेला आणि अडकला. खाली राजाचे पाय, गुडघ्यापर्यंत, आणि पडद्याच्या मागून गाणं. आहाहा, काय तो आवाज... कानाला दिवाळी, डोळ्याला शिमगा.

ठमा म्हणाली, "काय दिसतं?"

मी म्हणालो, "पाय."

"नुसते पाय?"

तिचा चेहरा असा उतरला, की तुम्हाला सांगतो, साठ वर्षं तोंडावर खरं बोलणारा मी, तिथं पहिल्यांदा फसलो. म्हणालो, "अगं, पाय धुतायत राजाचे. चांदीच्या घंगाळात. दोन दासी आहेत."

"दासी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"नीट सांगा की."

सांगितल्या नीट. मग तिला दासींच्या नथी पाहिजेत, नथींतले मोती पाहिजेत, दिले मोती, आपल्याला काय, सांगायचेच तर मोठे सांगितले. तेवढ्यात पडदा एका बाजूनं ओढून वर घेतला, दुसरी बाजू लोंबतच राहिली, आणि राजा निघाला लढाईला, रथातून. रथ कसला, हातगाडी होती, बाजूला पिवळ्या रंगाखालून 'कांदे-बटाटे' साफ वाचता येतंय, मला दुसरीवाल्याला. म्हणालो, "सोन्याचा रथ आहे. चार घोडे."

"मग टापा कशा वाजत नाहीत?"

बघा, डोळे गेले पण बाई हुशार. मी म्हणालो, "गाणं चाललंय ना. घोडेपण उभं राहून ऐकतायत."

आणि त्याच वक्ताला गाडीचं चाक निखळलं, धाडकन, राजा एका अंगावर कलंडला, मिशी सुटून ओठावर आली, पण तान? तान तुटली नाही. वाकड्या गाडीत सरळ तान. हा माणूस विहिरीत पडला तरी समेवर येऊन पडेल.

"काय वाजलं हो?"

"वीज पडली. शत्रूवर."

मागच्या रांगेतून आवाज आला, "बाबा, जरा मोठ्यानं. आम्हाला पण तोच रथ दिसू दे." वळून बघतो तर आमच्या कळव्याचा मारुती टांगेवाला, आणि त्याच्या अल्याडपल्याड तीन रांगा माणसं डोळे मिटून बसलेली. मग काय, दिलं लावून. हत्ती आणले, कारंजी उडवली. कंपनीचा माणूस धावत आला, "आजोबा, तोंड मिटा." मारुती म्हणतो, "ते कशाला मिटतील? तुम्ही तो पडदा मिटा, कधीचा लोंबतोय."

घरी येताना पुलावर ठमा म्हणाली, "आज सगळं पाह्यलं मी."

पण ऐका. दोन दिवसांनी तिला सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "शनिवारी भरती करा, आजींना दिसायला लागेल." मी खूश, आणि म्हातारी म्हणते, "शनिवारी नको. रविवारी त्यांचा दुसरा खेळ आहे."

"अगं बाई, डोळे घे आणि मग बघ खेळ."

"डोळे आले की तुम्ही परत गप बसाल," म्हणाली. "चाळीस वर्षांत त्या एका दुपारी काय ते बोललात माझ्याशी."

डॉक्टर हसला आणि कागदावर सोमवार लिहिला.

तर चाललोय रविवारी. खेळ कुठला आहे ते विचारलं नाही. विचारून करायचंय काय, सांगायचा मलाच आहे.