एकाच हातातली गाडी

पट्टा लावा साहेब, तुमच्या बाजूचा— हो, कोपऱ्यापर्यंतच जाऊन यायचं ठरलंय आपलं, तरी लावा. ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं, फोनवर सांगितलं होतं ना, दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, मग पट्ट्याशिवाय मी गाडी हलवतच नाही. हां, असं. आता बघू काय म्हणते तुमची लाडकी. क्लच हलका आहे. गियर लोण्यासारखे. खोटं कशाला बोलू, इंजिन झकास आहे, आवाज ऐका— नाही ना येत ऐकू? तेच म्हणतेय मी. नव्या गाडीचा वाससुद्धा गेला नाही अजून. एकाच हातातली, फारशी न फिरलेली, घरच्या माणसासारखी जपलेली— जाहिरातीत लिहिलंत तसंच सगळं. मघाशी गेटपाशी हसलात तुम्ही, मी गाडीभोवती दोनदा फिरले, वाकून बघितलं, दाराचं रबर ओढून बघितलं तेव्हा. हसा हो, त्यात काय. बाई गाडी बघायला आली की लोक तिला रंग आवडला का एवढंच विचारतात. तुम्हीही तेच विचारलंत. आवडला की. दोन्ही रंग आवडले.

दोन्ही म्हणजे एक डाव्या दाराचा आणि एक बाकीच्या गाडीचा. सावलीत कळत नाही, उन्हात मान तिरकी करून बघावं लागतं. रबर सोडवलं की आत रंगाची कड बोटाला लागते— कंपनीतून आलेल्या रंगाला ती नसते. पुढचा डावा दिवा लखलखीत, उजवा जरा धुरकटलेला— जुळे भाऊ, मग एकच कसा म्हातारा झाला? बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पान्यानं सोललेत, म्हणजे बॉनेट उतरवलं होतं. आणि हे बघा, स्टीअरिंगवरचा हात सैल सोडते— घाबरू नका, रस्ता मोकळा आहे— बघा, निघाली कशी हळूच डावीकडे. म्हणजे फटका जोरात बसलाय, वरवरचं खरचटणं नव्हे ते. तरी मी म्हणते, ठोकलेली गाडी वाईटच असते असं नाही, नीट दुरुस्त केली आणि खरं सांगून विकली तर मी स्वतः घेईन. म्हणून सरळ विचारते, कुठं आपटली होती?

काय म्हणालात? परत एकदा सांगा, माझं लक्ष आरशात होतं. ड्रायव्हरनं ठोकली.

बरं. नाही नाही, मी कशाला चिडू. कोपरा मागे राहिला, हो, दिसला मला. जरा पुढं नेते, मोठ्या रस्त्यावर पळवून बघितल्याशिवाय गाडी कळत नाही. ड्रायव्हरनं ठोकली— किती सोपं वाक्य आहे नाही? तोंडात बसलेलं असतं, विचारायचा अवकाश की बाहेर. तुमचा ड्रायव्हर म्हणजे तो उंच, जरा तोतरा बोलतो तो ना? त्याला तुम्ही काढलंत आणि तो पाठोपाठ माझ्याकडे आला, काम मागायला. आता माझ्याकडे शिकवतो. चांगला आहे, पोरींवर ओरडत नाही, गाडी बंद पडली तरी हसत नाही. त्यानं सांगितलं मला. त्या दिवशी तो सुट्टीवर होता, बहिणीला सासरी पोचवायला गेला होता. गाडी तुम्ही नेलीत, क्लबच्या खांबाला तुम्ही घातलीत, आणि तो परत आला तर घरात सगळ्यांना ठाऊक— किल्ली त्यानं परस्पर नेली आणि गाडी त्यानं ठोकली. बाईसाहेब त्याला बोलल्या, चोर म्हणाल्या. तो तुमच्याकडे बघत होता म्हणे, तुम्ही पेपर वाचत होतात. तोतरं माणूस, त्याला कोण बोलू देतंय.

दाराच्या हँडलला हात नका लावू, चालू गाडी आहे. कुलूप मी नाही लावलं, वेग घेतला की गाडीच लावते, तुम्हाला तुमच्या गाडीचं एवढंही माहीत नाही? फोन करताय? करा ना. कुणाला काय सांगणार— की गाडी विकायला काढली आणि एक बाई ती चालवून बघतेय? याआधी दोन जण येऊन गेले, आठवतात? एक टक्कल पडलेले, एक कॉलेजातली मुलगी. दाराचा रंग बघून नको म्हणाले. माझ्याकडे शिकलेलेच होते दोघं, मी पाठवले होते. तुम्ही विकायची घाई करावी, तिसऱ्या गिऱ्हाइकाला बाई बाई करत स्वतः गाडीत बसवावं, ड्रायव्हर नाही तर स्वतः सोबत यावं— एवढ्यासाठी. झालं तसं. बसलात.

मला ओळखलं नाहीत तुम्ही. मी काही रागावत नाही त्यासाठी. तुम्ही मला पाहिलंच कुठं, मी गेटबाहेर होते. बरीच वर्षं झाली, पण कंपनीची ती पांढरी गाडी आठवत असेल, नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिक काढायचं बाकी होतं. आमचे हे चालवायचे ती. डॅशबोर्डवर भरलेला पेला ठेवा, थेंब सांडायचा नाही, असा हात त्यांचा. कारखान्यातून परत येताना तुम्ही म्हणालात, आण रे जरा इकडं, बघू कशी पळते. त्यांनी दिली. मालकाला नाही कसं म्हणायचं? आणि एका हातात फोन धरून तुम्ही ती अशी पळवलीत की समोरून सायकलवर येणारा दूधवाला तुम्हाला दिसलाच नाही. तो जिवंत आहे, काळजी नको, पाय ओढत चालतो. त्याला आमच्या ह्यांनी उचलला, मांडीवर घेतला, ते दूध, ते रक्त, सगळं त्यांच्या खाकी शर्टावर— तो शर्ट मी धुतलाय. आणि तेवढ्यात, त्याला गाडीत ठेवायच्या आधी, तुम्ही त्यांना बाजूला घेतलंत. काय म्हणालात ते मी तुम्हाला सांगते, कारण ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथं उभी होते असं वाटतं. 'तू म्हण, मी चालवत होतो. तुझं काय जातंय, तू ड्रायव्हरच आहेस. नोकरीला धक्का लागू देणार नाही, हा माझा शब्द.' आणि टॅक्सी करून घरी गेलात.

शब्द. आठवड्याच्या आत नोकरी गेली. लायसन्स गेलं. दूधवाल्याची बायको आमच्या दारात येऊन हात जोडून रडली, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे मात्र साहेबांनी शब्द दिलाय म्हणायचे, कामात असतील, बोलावतील. मग आम्ही दोघं आलो तुमच्या गेटशी. रखवालदार म्हणाला, साहेब परगावी गेलेत. वरच्या खिडकीतून तुमचं हसणं ऐकू येत होतं, फोनवर कुणाशी तरी. मी म्हणाले, ऐका, आहेत घरात. तर हे मला म्हणाले, टीव्ही असेल. टीव्ही! दुपार कलली तरी आम्ही उभे. त्या दिवसापासून ते स्टीअरिंगवर बसले नाहीत. बसवलं तर किल्ली काढून माझ्या हातात देतात आणि उतरतात. मग पोटाला काय? मी शिकले. भंगारातली एक गाडी कुणीतरी वापरायला दिली, हे शेजारच्या सीटवर बसून नुसतं तोंडानं सांगायचे— अर्धा क्लच, आता सोड, आता बघ आरशात— एकदासुद्धा हात पुढं नाही केला त्यांनी. असा शिकवणारा मी पाहिला नाही. आज जे काही आहे ते सगळं त्यांच्या तोंडचं आहे. अजून तेच शिकवतात, फळ्यावर खुणा काढून, समोर पोरं बसलेली असतात. पोरांत मान आहे त्यांना. तुमचं नाव निघालं की मात्र म्हणतात, आमचे साहेब. आमचे. आमचे साहेब तसे मनानं वाईट नव्हते. मला तुमचा जेवढा राग येतो ना, त्याच्यापेक्षा ह्या 'आमचे'चा— जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय हे मी.

गाडी नको मला तुमची. आता डावीकडे वळलं की आमची गल्ली. ह्यावेळी वर्ग भरलेला असतो, ओसरीवरच, रस्त्यावरून दिसतो. तुम्ही उतरायचं आणि त्या पोरांदेखत एक वाक्य म्हणायचं— त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. बस. माफी नको, पाया पडणं नको, हात तर जोडूच नका. एक वाक्य. तो तोतराही तिथंच आहे, त्याच्यासाठी आणखी एक म्हणालात तर उत्तम. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही— सांगितलं असतं तर येऊच दिलं नसतं मला. म्हणतात, सोडून दे. मी कशी सोडू? मी रोज आरशात बघून गाडी चालवते, मला मागचं दिसतं.

आलं. हे घर. थांबा, लगेच उतरू नका, आधी मला— अहो, तुम्ही कशाला बाहेर आलात? वर्ग चालू आहे ना? हो, तुमचे साहेब आहेत गाडीत. तेच आहेत. अहो, खडू तसाच खिशात घातलात, आणि ते वरचं बटण कशाला लावताय— साहेबांचं दार नका उघडू. मी सांगते ना, तुम्ही नका उघडू, त्यांना हात आहेत. सोडा. पोरं बघतायत सगळी.

आणि साहेब, तुम्ही काय विचारताय— कसा आहेस? एवढंच सुचलं? आणि अहो, तुम्ही काय हे, आपल्या कृपेनं म्हणताय, कुणाच्या कृपेनं?

नाही. साहेब, पाय आत घ्या. उतरू नका म्हणतेय मी. नको आता ते वाक्य, मला दिसतंय तुमच्या ओठावर आलंय ते, डोळेही भरलेत. बघितला ना त्यांचा चेहरा? तुम्ही ते वाक्य म्हणायचा अवकाश, हे दोन्ही हातांनी माफ करतील तुम्हाला. खुर्ची देतील, चहा ठेवायला सांगतील, आणि तो चहा मला करावा लागेल. मग तुम्ही हलके होऊन घरी जाल, रात्री झोप लागेल. ती सोय मी तुमची करून देणार नाही. न म्हणता जा. घशात अडकवून जा.

ही घ्या किल्ली. मी उतरतेय, सरका ह्या बाजूला, बसा स्टीअरिंगवर. पोरांनो, इकडं बघा सगळ्यांनी— गाडी कोण चालवतंय ते बघून ठेवा. नीट बघा. विचारलं कुणी तर सांगता यायला हवं. तू पण बघ रे, खांबाचं तुझ्यावर ढकललं होतं ना, तू तर अगदी पुढं ये.

निघा साहेब.

अहो— हात खाली घ्या. गेले ते. सलाम कसला करताय, खाली घ्या तो हात.