वस्तादच्या दुरुस्तीची गोळी

शालन : डॉक्टर, कुत्र्यानं दारू प्याली तर तुम्हाला वासावरनं कळतं का?

डॉक्टर : कळतं. पण आधी कुत्रा कुठाय, तू कोण, आणि दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसतेय ती कोण, एवढं तर कळू दे.

शालन : ती मलिका. तिनं आणि वर्गातल्या पोरींनी पैज लावली, की गुरांच्या दवाखान्यात जाऊन हे विचारून दाखव, रंकाळ्यावर भेळ देतो. ये की गं आत, मलिके! विचारलं मी! भेळ लागू झाली!

मलिका : अय्यो, किती मोठ्यानं! बाहेर टांग्याचं घोडं बुजलं की.

डॉक्टर : टांगा कुणाचा?

मलिका : आमच्या अब्बांचा. कुत्रं त्यातनंच आणलंय, उचगावापासनं. सगळ्या वाटेनं माझ्या मांडीवर घोरत आलंय. एका बाईनं विचारलं बी, कोण म्हातारं माणूस हाय का आत, लई जोरात घोरतंय म्हणून.

शालन : मी शालन. कृष्णात चौगुल्यांची मुलगी. आणि हा आमचा वस्ताद. धर गं, टेबलावर घेऊ.

डॉक्टर : अरे, याला मी ओळखतो! एक कान काळा, एक पांढरा. खाजवून खाजवून पाठ सोलून घेतली होती यानं. तुझे वडील घेऊन आले होते.

शालन : तोच. खाज गेली, डॉक्टर. पण खाजेबरोबर कुत्रं पण गेलं! म्हणजे आहे, पण आत कुणी नाही. आधी पोस्टमन आमच्या दारात सायकलवरनं खाली पाय टेकायचा नाही. परवा तो याच्या अंगावरनं ओलांडून आत आला आणि आईकडनं पाणी मागून प्याला. मांजरानं याच्या ताटलीतली भाकरी खाल्ली आणि याच्याच पोटाला टेकून झोपलं. चालतो तो पण असा झुलत झुलत. म्हणून पोरी म्हणतात, तुमचा वस्ताद गुत्त्यावर जातोय.

मलिका : तालमीतल्या वस्तादागत रुबाब होता, म्हणून तर ते नाव. आता गल्लीतली पोरं म्हणत्यात, वस्ताद चितपट.

डॉक्टर : आणि तू हे सगळं हसत सांगतेयस?

शालन : हसू नको तर काय करू? उद्या नाही, परवा रविवार. रविवारी मामा शिरोळहून ट्रॅक्टर घेऊन येतोय. आबांनी त्याला सांगून टाकलंय, हे झोपाळू कुत्रं तुझ्या मळ्यावर घेऊन जा, आम्हाला राखणीला दुसरं आण. एवढंसं होतं तेव्हा मी याला दप्तरात घालून घरी आणलंय, डॉक्टर. आता रडले तर आबा म्हणणार, रडून काय कुत्रं भुंकायला लागतंय? म्हणून वाद घालायचाय. वादाला पुरावा पाहिजे. तो न्यायला मी आलो... आले.

डॉक्टर : आलो की आले?

मलिका : शाळंत 'आले', घरात 'आलो'. वक्तृत्वात पहिली आल्यापासनं असंच चाललंय तिचं.

शालन : माइक बंद पडला होता, डॉक्टर! बाकीच्या मुली रडकुंडीला आल्या. मी तशीच बोलले. शेवटच्या बाकामागं उभ्या शिपायाला पण ऐकू गेलं. बाई म्हणाल्या, हा आवाज कमावलास कुठं? मी म्हणाले, घरात!

डॉक्टर : पटतंय. वस्ताद सोडून सगळा दवाखाना जागा झालाय. बघू, डोळे बघू... हिरड्या चांगल्या गुलाबी आहेत. ताप नाही. खातो का?

शालन : खातो. खाऊन झोपतो. मग उठून खातो.

डॉक्टर : उलटी वगैरे?

शालन : नाही.

डॉक्टर : गोळी किती देता?

शालन : एक सकाळी, एक रात्री. आबाच देतात, गुळाच्या खड्यात दडवून.

डॉक्टर : अख्खी? मी अर्धी सांगितली होती.

शालन : आधी अर्धीच चालली होती. मग आबा म्हणाले, खाज गेली पण अंगात ताकद येईना. अर्ध्या गोळीनं कुत्रं अर्धंच दुरुस्त होतंय. तेव्हापासनं अख्खी.

डॉक्टर : काय होतंय?

शालन : दुरुस्त. तुम्हीच सांगितलंत की! "ह्या गोळीनं कुत्रं जरा दुरुस्त होईल, काळजी करू नका." आबांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

डॉक्टर : अगं, दुरुस्त व्हायला कुत्रं म्हणजे काय पाण्याचा पंप आहे? मी म्हणालो, कुत्रं जरा सुस्त होईल! सुस्त! खाजेच्या गोळीनं काही कुत्र्यांना गुंगी येते. सगळ्यांना नाही, पण येते. घरच्यांनी घाबरू नये म्हणून मी आधीच सांगून ठेवतो.

मलिका : सुस्त... दुरुस्त... या अल्ला! म्हणजे कुत्रं जेवढं झोपाय लागलं, तेवढं हे त्याला जास्त दुरुस्त कराय गेले!

शालन : मलिके, हसू नको. मलिके! ...अगं थांब, मला पण हसू येतंय.

डॉक्टर : थोडी चूक माझीही आहे. ते सांगताना मी नळावर हात धूत होतो. पाठ होती त्यांच्याकडं. काय काम करतात वडील?

शालन : उद्यमनगरात, कारखान्यात. पॉवर हॅमरवर लोखंड ठोकायचं. माझ्या जन्माच्या आधीपासनं. का?

डॉक्टर : काही नाही. मी जनावरांचा डॉक्टर. हे बघ, आज आणि उद्या गोळी बंद. त्यानंतर रात्रीच्या खाण्याबरोबर अर्धी, बस्स. तरतरी आली तर समजायचं, सगळी करामत गोळीचीच होती. नाही आली, खाणं टाकलं, किंवा हाक मारून उठेचना, तर तसाच टांग्यात घालून आण. तो झोपतो कशावर?

शालन : पेंडीच्या जुन्या बारदानावर.

डॉक्टर : ते धुऊन कडक उन्हात टाक. पिसवा असल्या तर खाज तिथनंच येतेय. आणि पोरींना सांग, वास घेऊन बघितला, वस्ताद प्यायलेला नाही.

मलिका : उत्तर 'नाही' आलं, मग भेळ मला लागू!

शालन : पैज विचारायची होती, उत्तराची नाही! चल, उचल त्याला.

* * *

शालन : आई, शाळा सुटल्यापासनं पळत आलोय. आज सकाळचा गूळ बी नुसताच गेला न्हवं?

आई : नुसताच. गोळ्यांची डबी मिठाच्या बरणीमागं दडवलीया. तुझं आबा गुळाचा खडा करत्यात, मी म्हणतो, आणा हिकडं, मी भरतो गोळी. कालपासनं कुत्रं चैनीत गूळ खातंय.

शालन : आणि आता कोपऱ्यावर पोस्टमन भेटला, त्यानं हात जोडलं मला! म्हणला, ताई, तुमचा वस्ताद उठला.

आई : उठला म्हंजे! त्याची टोपी अजून म्हशीच्या हौदात हाय.

शालन : मग आबांना सांगायचं न्हाय का? माझं भाषण कवाचं तयार हाय. "डॉक्टर म्हणाले सुस्त, तुम्ही ऐकलंत दुरुस्त." एका शब्दाची तर चूक. हसतील आणि सोडून देतील.

आई : न्हाय सांगायचं. कुत्रं आपोआप बरं झालं म्हणायचं.

शालन : का पर?

आई : एका शब्दाची चूक न्हाय ती. आलं बघ, गप.

आबा : शाले! मामाचा सांगावा आलाय, उद्या सकाळच्यालाच येतोय. वस्तादची साखळी काढून ठेव.

शालन : आबा, वस्तादला न्यायचं न्हाय.

आबा : न्याहारी? केली की मगाशी.

शालन : न्याहारी न्हाय! न्यायचं न्हाय! वस्तादला!

आबा : वरडतीस कशाला, मला ऐकू येतंय. अगं, मला काय हौस हाय व्हय? त्याच्या पाठीला रोज खोबरेल कोण चोळतंय? मीच की. पर राखणीचं कुत्रं भुंकाय तरी पायजे. दिवाळीच्या आधी दारातनं पेंडीचं पोतं गेलं, एक आवाज काढला न्हाय त्यानं.

शालन : काढला हुता, आबा. तवा तर गोळी सुरू बी झाली न्हवती. मी ऐकलो. आई उठून बसली. शेजारचं गुंडूकाका बॅटरी घेऊन बाहेर आलं. तुम्हीच तेवढं...

आई : शाले, चुलीवरची भाकरी बघ जा.

आबा : काय म्हणती ती?

आई : म्हणती, भुंकला हुता.

आबा : ह्या दोन कानांनी मी ऐकलं न्हाय, मग भुंकला कवा?

(बाहेर अंगणात वस्ताद जीव तोडून भुंकायला लागतो.)

आबा : आता बी बघ. दारात गल्लीतली झुंबरबाई उभी हाय, हितनं दिसती मला. माणूस दारात आलं, आणि ह्याचा आवाज हाय का? न्हाय. मग सांगा, का ठेवायचं?

शालन : आई...

आई : गप.

शालन : आई, अगं तो एवढा भुंकतोय, की पत्रा हालतोय.

आई : मला येतंय ऐकू.

शालन : तुला ठाव हुतं.

आई : लई दिस झालं. हितं सगळीच वरडून बोलत्यात, कुणाच्या ध्यानात येतंय? ट्रान्झिस्टर मोठा करायचं, मला वाटलं हौस हाय. मग मी वरडाय लागलो. मग माझं बघून तू. तुला बक्षीस मिळालं तवा मी रडलो, ते काय नुसतं कौतुकानं वाटलं तुला?

शालन : मग दवाखान्यात का न्हाय न्यायचं?

आई : कारखान्यात कळलं तर हॅमरवरनं काढतील म्हणून भ्यात्यात. मला म्हणले, पोरीला कळू देऊ नगं.

आबा : काय कुजबुज चाललीया दोघींची? बोलायचं तर माझ्याम्होरं बोला. तोंड हिकडं करा.

शालन : करतो, आबा. हे बघा, केलं. आता माझ्याकडं बघा. तुम्ही वस्तादला डॉक्टरकडं नेलंत, तवा ते काय म्हणलं?

आबा : कितींदा सांगायचं? म्हणलं, कुत्रं जरा दुरुस्त होईल.

शालन : सुस्त.

आबा : दुरुस्त.

शालन : सुस्त, आबा. सुस्त होईल. मी काल परस्पर जाऊन विचारून आलो, शाळा बुडवली, मग मारा. ते तवा हात धूत हुते. तुम्हाला त्यांचं तोंड दिसलं न्हाय.

आबा : ...बने, तू सांगितलंस हिला?

आई : मी कशाला सांगू? तुमचीच पोरगी हाय. लोखंड बी तिच्याम्होरं बोलंल.

आबा : म्हंजे मी त्याला अख्खी गोळी... सकाळ-संध्याकाळ... मीच झोपवला व्हय त्याला?

शालन : व्हय. आणि आईनं गोळी काढून नुसता गूळ दिला, तर बघा, दुरुस्त! तेवढं हसलं तर चालतंय, आबा.

आबा : तरी म्हणलं, एवढं दुरुस्त करतोय आणि हे गडी जास्तच बिघडतंय! ...आता भुंकतोय?

शालन : मगापासनं. झुंबरबाई हौदाच्या कट्ट्यावर चढल्यात.

आबा : व्हय की! चढली की म्हातारी! आणि त्याचं तोंड बघ, उघडतंय, मिटतंय. लई जोरात भुंकतोय?

शालन : लई.

आबा : पहिल्यागत?

शालन : पहिल्यापेक्षा.

आई : अवं, बघत काय बसलाय, आधी झुंबरबाईला खाली उतरवा!

आबा : उतरवतो, उतरवतो. वस्ताद! गप रे! ...झाला का गप?

शालन : झाला. आबा, आई, आता दोघं बी ऐका, मी ठरवलंय. मामाचा ट्रॅक्टर उद्या रिकामाच जाणार. आणि सोमवारी मी आबांना कानाच्या डॉक्टरकडं घेऊन जाणार. मलिकाला सांगून ठेवलंय म्हणून समजा, टांगा दारात येतोय.

आबा : आणि कारखान्यात काय सांगू?

शालन : सांगा, कुत्र्याला दाखवायला नेतोय. वस्ताद येईल की संगट.

आबा : आणि डॉक्टर म्हणला, ह्या कानांची दुरुस्ती व्हत न्हाय, तर?

शालन : तर मी हाय की. माझा आवाज शेवटच्या बाकामागं जातोय.

आबा : आणि झाली तर?

शालन : तर मी घरात हळू बोलायला शिकणार, आबा. पुढच्या वर्षीचं बक्षीस गेलं तर जाऊ दे.