सुगंधाचा मंगळ

...नाही, मला एक सांगा, मंगळावर माणसं असलीच, तर त्यांच्या पोरींची लग्नं कशी ठरतात हो? मंगळ तर त्यांच्या पायाखालीच! मग सासू काय विचारत असेल, "पोरीच्या पत्रिकेत पृथ्वी आसा काय?" हसू नका! तुमच्या घरात नाही ना मंगळाची पोर? माझ्या आहे! सुगंधा. सात स्थळं आली, सातही जण खाजं खाऊन, चहा पिऊन, पत्रिका बघून चपला शोधायला लागले... आणि मंगळ जिथल्या तिथे!

आणि त्याच साली तिकडे रशियाने कुत्री आभाळात पाठवली! कुत्री गेली हो, माझी पोर उंबऱ्याबाहेर जाईना!

तेवढ्यात सावंतवाडीहून एक मास्तर आमच्या देवळात व्याख्यान द्यायला आले. विषय काय, तर परग्रहावर जीव आहे काय! तुम्हाला सांगतो, काय बोलले! "बंधूंनो, मंगळ हा कोपिष्ट देव नव्हे! तो बिचारा एक गोळा आहे! तिथे थंडी आहे, धूळ आहे, आणि कदाचित दगडाला धरून शेवाळही जगत असेल! त्याला भिऊन मुलींचे संसार मोडू नका!" टाळ्या! माझ्या डोळ्यांत पाणी! मी तिथेच उठलो, म्हटलं, "मास्तर, तुमचा मुलगा गणपत लग्नाचा आहे, माझी सुगंधा आहे, पण तिला तो गोळा आहे." आता भर सभेत मास्तर काय करणार? "अवश्य! रविवारी येतो!" पुन्हा टाळ्या!

आले. मास्तर, मास्तरीणबाई आणि गणपत. गणपतला पोरगी आवडली, ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं, बशीतला चहा सदऱ्यावर ओतला त्याने! पण मास्तरीणबाईंनी पत्रिका मागितली, बघितली आणि किंचाळल्या, "माझ्या एकुलत्या एक झिलाक मारूचा आसा काय तुमका?" मी मास्तरांकडे बघतोय, मास्तर आढ्याकडे. म्हटलं, "अहो, तो गोळा..." तर हळूच म्हणतात, "भिकाजीपंत, ते व्याख्यान होतं. हे घर आहे."

तेव्हा सुगंधा पुढे आली. कधी मोठ्याने न बोलणारी माझी पोर! म्हणाली, "मास्तरांनू, तुम्ही सांगलात, मंगळार शेवाळ जगता. मगे तुमचो झील माझ्याबरोबर कित्याक जगाचो नाय?"

गणपत आपल्या टोपीकडे बघत बसला. टोपी काय उत्तर देणार होती?

जाताना मास्तरांना माझी दया आली हो! म्हणतात, "जामसंड्याला एक बिजवर आहे, त्यालाही मंगळ, मंगळाला मंगळ चालतो." बिजवर कसला, दोन बायका पोचवलेला! सुगंधा आतून ओरडली, "त्येच्या दोन बायलो गेल्यो, आनी मारकी मी?" मी दार लावून घेतलं. मास्तर पुढे कुणकेश्वराच्या बाजूला तेच व्याख्यान द्यायला गेले, तिथेही म्हणे टाळ्या पडल्या... आणि मंगळ जिथल्या तिथे!

गणपतचं लग्न झालं. पत्रिका अशी जुळली, अशी जुळली, की भटजीच उठून नाचायचा बाकी! आणि पावसाळा संपायच्या आत गणपत विषमज्वराने गेला. चांगला मुलगा हो. भित्रा होता, पण चांगला.

मी भेटायला गेलो. ओटीवर पाय ठेवतो न ठेवतो, तर मास्तरीणबाई सगळ्या गोतावळ्यासमोर माझ्याकडे बोट दाखवून, "ह्येच्या मंगळाच्या चेडवान माझ्या झिलाक नुसता बघल्यान, आनी माझो झील गेलो!" आणि मास्तर? शास्त्रवाले मास्तर? त्यांनी मान हलवली! नाही नव्हे, होय म्हणून!

सुगंधाला मी सांगितलं नव्हतं, पण बाजारात तिला कोणीतरी सांगितलंच. त्या दिवशी पोर जेवली नाही.

आता तुम्हीच सांगा, लग्न लागलं असतं तरी आम्हीच मारला असता, नाही लागलं तरी आम्हीच मारला... मग मेल्यांनो, लावून तरी द्यायचं होतं!