झिरो बघा, साहेब

आमचं गाव सुरगाण्याच्या पलीकडं, डोंगरात, तिथून गुजरातची हद्द जवळ आन नाशिक लांब. भात आन नागली, दुसरं काय पिकत नाय, पाऊस सरला की सगळं गाव कामाला खाली उतरायचं, आम्ही पण उतरायचो, दिंडोरीकडं, द्राक्षाच्या छाटणीला. बाप लवकर गेला, मंग आई, मी आन माझा भाऊ हिरामण, तो माझ्याहून बारा वर्सांनी लहान, एवढेच आम्ही. ज्यांच्या बागेत छाटणीला जायचो त्या शेठनं दिंडोरी रोडला पेट्रोल पंप टाकला, नाशकाच्या जरा बाहेर, आन मला म्हणले, काशिनाथ, तुझा हात स्थिर हाय, कात्री कधी चुकीची बसत नाय तुझी, पंपावर येतो का. आलो. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट असंल. तवापासून नळी धरून उभाच हाय, काय सांगू तुम्हाला, एका जागी उभं राहून पण माणसाचं आयुष्य जातं.

पहिल्या दिवशी मॅनेजरनं एकच शिकवलं. नळी टाकीत घालायच्या आधी मीटरकडं बोट करायचं आन म्हणायचं, झिरो बघा साहेब. म्हणजे आधीच्याचा आकडा गेला, आता तुमच्यापासून सुरू, मागनं तक्रार नाय. तवा ते आकडे गोल फिरायचे, कट कट आवाज करत, मंग लाल दिव्याचे आले. वाक्य तेच राहिलं. बाई असंल तर झिरो बघा ताई, म्हातारा असंल तर झिरो बघा बाबा. आन मी असं म्हणलं की माणूस मीटरकडं बघतो, बघायलाच पायजे, त्याच्या हक्काचं हाय ते. पण मंग तो माझ्याकडं बघत नाय. इतकी वर्सं झाली, इतकी माणसं माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, त्यांना माझं तोंड कसं हाय विचारा, सांगता यायचं नाय कोणाला. मी तरी कुठं तोंडं बघतो, मी टाक्या बघतो. टाकीवरनं माणूस सांगतो मी.

हसू नका, खरं हाय. स्कूटरवाले असायचे ना, ते भरून झालं की गाडी दोन्ही अंगांनी हलवायचे, आत हवा राहिलेली असती, ती निघाली की अजून घोटभर बसतं, असं त्यांचं म्हणणं, आन मंग टाकीत डोळा घालून बघायचे. रिक्षावाला म्हणणार, मामा नळी झटक, शेवटचा थेंब पण माझाच हाय. अंबडला कंपनीत जाणारी माणसं घाईची, येतानाच झाकण उघडून येणार, झाकण दातात, चावी हातात. ट्रकवाला शीख असो का मनमाडचा असो, खाली उतरणार, टायर ठोकून बघणार, पाणी पिणार, दोन शब्द बोलणार, तो माणसासारखा माणूस. कारवाले काच चार बोटं खाली घेतात आन फुल कर म्हणतात, आता मोबाईल आल्यापासून तर तेवढं पण नाय, बोटानंच दाखवतात. एका ताईंच्या गाडीची टाकी सीटखाली, सीटवर दप्तर, भाजी, लेकरू, ते सगळं उतरवून ठेवायचं आन मंग झाकण. त्या ताई दर वेळी म्हणायच्या, तुम्हाला त्रास झाला हं. एवढंच म्हणायच्या, पण मला दोन दिवस पुरायचं ते.

माझं लग्न राहूनच गेलं. आई आजारी होती, मंग आई गेली, मंग म्हणलं आधी हिरामणचं बघू. हिरामण माझ्याजवळच राहायचा, म्हसरूळला खोली होती, दोघांत एक स्टोव्ह. तो गाडी शिकला. पहिले दुसऱ्याच्या जीपवर होता, मंग एक जुनी जीप घेतली, नाशिक ते सुरगाणा माणसं भरायची. लय खूश होता. पण त्या जीपचा सेल्फ कामातनं गेलेला, बॅटरी पण म्हातारी, एकदा बंद पडली की ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाय. म्हणून तो सकाळी चालू करायचा ते संध्याकाळीच बंद करायचा. डिझेल घ्यायला माझ्याकडंच यायचा, पण मोकळ्या गाडीनं, सकाळी माणसं भरायच्या आधी, आन मी त्याला गाडी बंद करायला लावायचो, भरून झालं की मीच मागनं ढकलायचो, दोघं हसायचो.

आता हे मी बंद करायला का लावायचो ते सांगतो. पंपावर लागल्यावर दुसऱ्याच वर्सी एका मोटरसायकलवाल्यानं गाडी चालूच ठेवली, मी पण बोललो नाय, साहेब माणूस दिसला, म्हणलं कशाला बोला, आन धप्पदिशी भडका झाला. वाळू टाकली, विझलं, माणूस वाचला, पण माझा हा डावा हात बघा, इथपर्यंत भाजलेला. तवापासून मी कोणाचं ऐकत नाय. इंजिन बंद, विडी बाहेर, माणसं खाली. आमदार असला तरी.

आन मंग तो दिवस आला. हिरामणला एक सोयरीक आली होती, बोरगावच्या बाजूची, मुलगी चांगली, हिरामणनं पण बघितलेली, त्याच्या मनात भरलेली. तर मुलीचा बाप, चुलता, दोघी-तिघी बाया, असे सगळे घर बघायला, मोठ्या भावाला भेटायला, म्हणजे मलाच भेटायला, हिरामणच्याच जीपमधी बसून नाशकाला निघालेले. मी दुपारची सुट्टी टाकलेली. पण ते लवकर आले, आन घाटात डिझेल जास्त गेलं असंल, तो थेट पंपावर वळला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, जीप चालूच. मी म्हणलं इंजिन बंद कर. तो खाली उतरला, जवळ आला, हळू म्हणला, दादा, आजच्या दिवस राहू दे, पाहुणे हायेत. मी म्हणलं बंद कर आन माणसं उतरव. म्हणला, दादा, तुला माहीत हाय ना चालू व्हत नाय ती. मागं गाड्यांची रांग, सगळे बघत होते. मला काय झालं काय माहीत. हळू पण सांगता आलं असतं, बाजूला घेऊन सांगता आलं असतं, गाडी बाहेर लाव, मी डब्यात आणून देतो असं पण म्हणता आलं असतं, शेठनं माझ्यासाठी तेवढं चालवून घेतलं असतं. पण मी नळी हुकावर परत टाकली आन रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणलं, नियम सगळ्यांना सारखा, बंद करायची तर कर नायतर पुढं घे.

त्यानं बंद केली. सगळे उतरले. मी झाकण काढलं, आन तोंडात बसलेलं ते, मीटरकडं बोट केलं आन म्हणलं, झिरो बघा साहेब. सख्ख्या भावाला. त्यानं मीटर नाय बघितलं. माझ्याकडं बघितलं. तसं माझ्याकडं ना आधी कोणी बघितलं ना नंतर.

मंग काय, जीप चालू होईना. मुलीचा बाप, पांढरी टोपी, धोतर, त्यानं खांदा लावला, चुलत्यानं लावला, मी लावला, बाया बाजूला पदर धरून उभ्या. रांगेतनं एकजण ओरडला, मामा, असल्या गाडीत पोरगी देताय का. सगळे हसले. माझ्या खोलीवर ते आलेच नाय, तिथूनच एस.टी.नं परत गेले. आठ दिवसांनी निरोप आला, जमायचं नाय. मुलीचा बाप म्हणला म्हणे, थोरला भाऊच त्याला चारचौघांत असा बोलतो, तर त्याची किंमत ती काय असंल.

हिरामणनं त्याच दिवशी अंथरूण गुंडाळलं. भांडला नाय. दारात थांबून एवढंच म्हणला, दादा, तुला भाऊ नको होता, गिऱ्हाईक पायजे होतं.

त्यानंतर तो पंपावर वळला नाय. पण रस्ता तर एकच ना. सकाळी नऊच्या सुमाराला जीप जायची, चारच्या सुमाराला परत यायची. सायलेन्सरचा आवाज मला लांबून कळायचा. मी रस्त्याकडचं मशीन मागून घेतलं, मॅनेजर म्हणला तिकडं ऊन लय हाय, म्हणलं असू दे. पहिले पहिले मी हात वर करायचो, तो वेग वाढवायचा. मंग मी हात वर करायचं सोडलं, नुसता उभा राहायचो. त्यानं पण वेग वाढवायचं सोडलं. एवढीच काय ती आमची भेट, दिवसातनं दोनदा. एखाद दिवशी जीप नाय गेली की जेवण जायचं नाय मला. आन खोलीवर तरी काय, कित्येक महिने मी दोघांच्याच भाकरी करायचो, हाताला सवय, मंग उरलेली सकाळी चहात.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी धीर करून दिंडोरी नाक्यावर गेलो, जीपा लागतात तिथं. तो उभाच होता, ओरडत होता, वणी, बोरगाव, सुरगाणा. मला बघितलं त्यानं, चांगलं बघितलं, आन म्हणला, काका, बसायचं का? काका म्हणला मला. मी म्हणलं नाय. तोंडात आलेलं सगळं तिथंच राहिलं, माफ कर म्हणायला गेलो होतो मी, एवढाच शब्द घेऊन गेलो होतो. मी केलं तेच त्यानं केलं, त्याला काय म्हणणार. माझ्या तोंडात झिरो बसला, त्याच्या तोंडात काका.

अशी दहा वर्सं गेली हो. मशीन बदललं, मॅनेजर दोन बदलले, द्राक्षाच्या बागांत बंगले आले. मंग एक दिवस जीप गेली नाय, दुसऱ्या दिवशी नाय, महिना झाला नाय. मी कोणाला विचारायचं? पंपावरच्या नव्या माणसांना सांगितलंच नव्हतं भाऊ हाय म्हणून.

आन एक दिवस सकाळी जीप गेटात आली. तीच. गेटातच बंद झाली, आन एक अनोळखी माणूस खाली उतरला, माणसं उतरवली त्यानं, विडी रस्त्यावर टाकून आला, आन एकटा स्टेरिंग धरून ढकलत माझ्या मशीनपर्यंत आला. मी म्हणलं, सेल्फ बिघडलेला हाय का अजून? तो म्हणला नाय, बॅटरी, सेल्फ सगळं नवं, आधीच्या मालकानंच टाकलंय, चावी मारली की चालू. मंग ढकलत का आणली? म्हणला, त्यानंच सांगितलंय, हिरामणभाऊनं, गाडी घेताना एकच बोलला, डिझेल दिंडोरी रोडच्या त्या पंपावर घ्यायचं, भाजलेल्या हाताचा माणूस हाय त्याच्याकडं, आन गाडी गेटातच बंद करायची, त्याचं बरोबर हाय.

माझ्या हातातनं झाकण पडलं. उचललं. सवयीनं मीटरकडं बोट केलं, झिरो बघा साहेब. तो माणूस हसला, म्हणला, बघत नाय मी, हिरामणभाऊ म्हणले तिथं झिरो बघायची गरज नाय.

मी विचारलं, गेला कुठं तो? म्हणला, सुरतेकडं, ट्रकवर, बायको-पोरीला घेऊन गेला. बायको, पोरगी, मला ते पण माहीत नव्हतं. पत्ता? त्याच्याकडं नव्हता. म्हणला, तुमच्या ओळखीचा का? आता बघा, दहा वर्सांनी कोणी विचारलं, आन मी काय म्हणलो? म्हणलो, यायचा इथं पूर्वी, गिऱ्हाईक होता. भाऊ शब्द काय निघाला नाय तोंडातनं.

ती जीप अजून येती, गेटात बंद होती. मी सेल्फचा आवाज ऐकतो, एका चावीत चालू होती, ढकलायला कोणी लागत नाय. शेठ म्हणतात, काशिनाथ, आता बस ऑफिसात खुर्चीवर. मी म्हणतो नाय, माझं रस्त्याकडचं मशीन मला राहू द्या. ट्रक पण याच रस्त्यानं जातात ना, कधीतरी.

तो जिथं असंल तिथं रोज कुठल्यातरी पंपावर उभा राहत असंल, कोणीतरी त्याला मीटर दाखवत असंल. हिरामण, माझ्याकडं नाय बघितलंस तरी चालंल बाबा, तिथं झिरो नीट बघ, परका मुलूख हाय. आन नळीवर जो कोणी असंल त्यानं माझ्या भावाशी जरा हळू आवाजात बोलावं, एवढंच मागणं हाय.